राज्यांचे अधिकार कोण राखणार?

कोलकात्याच्या उत्तरेस लागून असलेले डमडम जगाला ठाऊक झाले ते एका बंदुकीच्या गोळीमुळे. तेथील दारूगोळ्याच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेली, शरीरात शिरल्यावर पसरणारी ही गोळी १८९९ च्या हेग परिषदेने निषिद्ध ठरविली. परंतु भारतीय संघराज्याची रचना समजून घेऊ इच्छिणाऱ्याला डमडमचे महत्त्व निराळ्या कारणाने वाटेल. या एका उपनगरात दोन सरकारे शेजारी शेजारी नांदतात. विमानतळ केंद्राच्या अखत्यारीतला. लोहमार्ग आणि भुयारी रेल्वे केंद्राची. शस्त्रास्त्रांचा कारखानाही केंद्राच्याच मालकीचा. कारखान्याच्या भिंतीबाहेरची पोलीस चौकी, मध्यवर्ती तुरुंग, जमिनीचे दप्तर आणि नगरपालिका यांवर मात्र अधिकार राज्याचा.

ही वाटणी राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात नमूद आहे. संरक्षण, रेल्वे, हवाई वाहतूक हे विषय केंद्रसूचीत. सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस, तुरुंग, स्थानिक स्वराज्य, जमीन हे राज्यसूचीत. आणि काही विषय दोघांच्या समाईक सूचीत. समाईक विषयात दोन्ही कायद्यांचा विरोध आला तर सामान्यतः संसदेचा कायदा वरचढ ठरतो. कागदावर या रेषा स्पष्ट दिसतात. जमिनीवर त्या तशा राहत नाहीत. १९६९ च्या एप्रिल महिन्यात डमडमजवळच्या काशीपूर येथील तोफांच्या कारखान्यात केंद्राच्या सुरक्षा रक्षकांनी गोळीबार केला आणि त्यात कामगार मृत्युमुखी पडले. कारखाना केंद्राचा, रक्षक केंद्राचे. परंतु शहरातील शांततेची जबाबदारी राज्याची. पश्चिम बंगालच्या तत्कालीन संयुक्त आघाडी सरकारने या घटनेचा तीव्र निषेध केला, आणि केंद्राच्या दलांनी राज्यात कोणत्या मर्यादेत वागावे, हा वाद देशभर गाजला.

असा वाद उद्भवला की राज्याचे कैवारी ‘सार्वभौमत्व’ हा शब्द उच्चारतात. तो शब्द आपल्या घटनेत राज्यांना कितपत लागू पडतो, याचा निर्णय पश्चिम बंगालनेच मागितला होता. कोळशाच्या खाणींच्या जमिनी संपादन करण्यासाठी संसदेने १९५७ साली कायदा केला. राज्याच्या मालकीची भूमी केंद्र अशी घेऊ शकत नाही, कारण आपल्या क्षेत्रात राज्यही सार्वभौम आहे, असे बंगालचे म्हणणे होते. २१ डिसेंबर १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बहुमताने अमान्य केले. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांच्या बहुमताच्या निकालाचा आशय असा, की भारतातील राज्ये आधी स्वतंत्र असून नंतर करार करून एकत्र आलेली नाहीत. त्यामुळे अमेरिकेतील राज्यांची उपमा त्यांना पूर्णपणे लागू पडत नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले.

मग राज्ये केवळ केंद्राचे सुभे ठरतात काय? तसेही नाही. राज्याचे विधिमंडळ आपला अधिकार घटनेकडून घेते, दिल्लीच्या मर्जीवरून नव्हे. बेरुबारीचे प्रकरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १९५८ च्या सप्टेंबरात पंडित नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांच्यात झालेल्या करारानुसार जलपाईगुडी जिल्ह्यातील बेरुबारीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यावयाचा होता. बंगालच्या विधिमंडळाने आणि जनतेने त्यास कडाडून विरोध केला. प्रकरण राष्ट्रपतींमार्फत सर्वोच्च न्यायालयाकडे गेले, आणि भारताची भूमी परराष्ट्रास देण्यासाठी सरकारचा करार पुरेसा नाही, घटनादुरुस्ती हवी, असे मत न्यायालयाने १९६० च्या मार्चमध्ये दिले. त्याच वर्षी नववी घटनादुरुस्ती झालीही. परंतु हस्तांतर लांबत गेले आणि १९७४ च्या भारत-बांगलादेश करारात बेरुबारीचा तो भाग भारताकडेच राहिला. बंगालच्या हाती नकाराधिकार नव्हता. तरीही विरोध वेळीच आणि सनदशीर मार्गाने नोंदविला गेल्यामुळे हा प्रश्न कराराच्या कागदावर मुकाट्याने मिटू शकला नाही.

याच्या उलट बाजूचा अनुभव महाराष्ट्राच्या पदरी आहे. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. १९५६ साली मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन भाग होते. संसदेने ते बदलून द्विभाषिक मुंबई राज्य निर्माण केले. या नव्या रचनेवर विधिमंडळाचे मत पुन्हा विचारले गेले नाही. बाबूलाल पराते यांनी त्यास आव्हान दिले. पुन्हा मत घेण्याची आवश्यकता नव्हती, असा निर्णय १९५९ साली लागला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले ते न्यायालयाच्या आदेशाने नव्हे, लोकांच्या लढ्याने.

केंद्राचे अतिक्रमण हा या कहाणीचा एक भाग झाला. दुसरा भाग राज्यांच्या स्वतःच्या बेफिकिरीचा आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वने, वन्य पशुपक्ष्यांचे संरक्षण यांसारखे पाच विषय राज्यसूचीतून समाईक सूचीत गेले. या दुरुस्तीस निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती आवश्यक होती, आणि आणीबाणीच्या त्या काळात ती मिळाली. घराची किल्ली घरच्यांनीच काढून दिली. त्याच वर्षीचा नागरी जमीन कमाल मर्यादेचा कायदा हे दुसरे उदाहरण. जमीन हा राज्याचा विषय. परंतु महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल यांच्यासह अकरा राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून तो अधिकार संसदेस सोपविला. असा कायदा एकदा झाला की राज्याला तो स्वतःहून दुरुस्त करता येत नाही की रद्दही करता येत नाही. हेतू कितीही चांगला असो, एका दुपारच्या ठरावाने गेलेला अधिकार परत मिळण्यास तपे लागतात. संसदेने तो कायदा रद्द केला १९९९ साली. महाराष्ट्राने त्याचा स्वीकार केला २००७ साली.

अलीकडच्या काळातही हे प्रश्न संपलेले नाहीत. ११ ऑक्टोबर २०२१ च्या अधिसूचनेने बंगाल, पंजाब आणि आसाम या राज्यांत सीमा सुरक्षा दलाचे कार्यक्षेत्र सीमेपासून १५ किलोमीटरवरून ५० किलोमीटरपर्यंत वाढविले गेले. डमडम ज्या उत्तर २४ परगणा जिल्ह्यात आहे, तो बांगलादेशच्या सीमेस लागून आहे. बंगालच्या विधानसभेने पुढच्याच महिन्यात विरोधाचा ठराव केला. केंद्रीय अन्वेषण विभागास दिलेली सर्वसाधारण संमती राज्याने २०१८ साली काढून घेतली होती. तरीही गुन्हे नोंदविले जातात, म्हणून राज्याने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तो दावा ऐकण्याजोगा नाही, हा केंद्राचा आक्षेप न्या. भूषण गवई यांच्या पीठाने १० जुलै २०२४ रोजी फेटाळला.

सीमेवरील तस्करी रोखणे आवश्यक आहे, आणि राज्यातील सत्ताधाऱ्यांच्या गैरव्यवहारांची चौकशीही व्हावयासच हवी. राज्याचा अधिकार म्हणजे गुन्हेगारास दिलेले अभय नव्हे. फाळणीच्या जखमा ताज्या असताना घटनाकारांनी केंद्र बलवान केले, ते विचारपूर्वकच. पण पोलीस चौकीत तक्रार घेऊन जाणाऱ्या डमडमच्या नागरिकाला आपल्या आमदारास जाब विचारता येतो. दूरच्या राजधानीतून चालणाऱ्या दलाला तो जाब सहजासहजी विचारता येत नाही. राज्यसूचीचे खरे मोल हे आहे.

म्हणून आमदारांनी सार्वभौमत्वाच्या घोषणा देण्यापेक्षा हाती असलेली साधने वापरावीत. संसदेत येणारे विधेयक कोणत्या सूचीतील विषयास स्पर्श करते, हे ते मंजूर होण्यापूर्वी तपासावे. मत मागविले गेल्यास मुदतीत आणि कारणांसह द्यावे. घटनादुरुस्तीस संमती देताना किंवा अधिकार सोपविण्याचा ठराव करताना सभागृहात पुरेशी चर्चा करावी. आणि गरज पडल्यास १३१ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे. दिल्लीत आपल्याच पक्षाचे सरकार असताना हे कर्तव्य अधिक कठीण होते आणि अधिक आवश्यकही. केंद्रातील सरकारे बदलतात. राज्याने आज न बोलता सोडलेला अधिकार मात्र पुढच्या प्रत्येक सरकारच्या हाती आयता पडतो.