लावणीच्या दिवसांतली कूस

जुलैत भोर-वेल्ह्याकडे चिखलणी सुरू झाली की हिंडतं-फिरतं माणूस घरात उरत नाही. मागे राहतो तो लकव्याने किंवा मोडलेल्या खुब्याने अंथरुणाला खिळलेला म्हातारा. सकाळी उताणा निजवलेला, दुपारपर्यंत तसाच. पाठ लागायला एवढं पुरतं.

जखम कातडीवर दिसते, पण बऱ्याचदा सुरू होते आत. माकडहाड आणि अंथरूण यांच्यामध्ये मांस चेपतं. बारीक केशवाहिन्यांतला दाब पाऱ्याच्या साधारण ३२ मिलिमीटरएवढाच. वरून त्याहून जास्त भार पडत राहिला की रक्त अडतं. आपण झोपेतही कूस बदलतो म्हणून वाचतो. ज्याला हलता येत नाही, त्याचं मांस हाडालगत मरू लागतं.

म्हणून दर दोन तासांनी कूस: डावी, उताणी, उजवी. पूर्ण कुशीवर नको, सगळा भार खुब्यावर येतो. पाठीशी गोधडीची वळकटी लावून तीसेक अंश कललेलं ठेवावं. पोटरीखाली उशी द्यावी, टाचा अधांतरी राहतात. वर सरकवताना काखेत धरून ओढू नये. कातडी चादरीला चिकटून राहते, हाड पुढे जातं आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणून तुटतात. खाली जुनं लुगडं घालून दोघांनी उचलावं.

लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. फिका पडून पुन्हा लाल झाला, तर रक्त चालू आहे. लालच राहिला, तर जखम सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही. तिथे हाताची पाठ लावून ऊब आणि कडकपणा पाहावा. अशा डागावर तेल चोळायची आपल्याकडे भारी हौस. त्याने आतलं मांस आणखी दुखावतं. मध्ये भोक असलेली गोल रिंगही नको, ती कडेने रक्त अडवते. कातडी फुटली तर घरगुती लेप न लावता भोरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय गाठावं.

पावसात गोधडी वाळत नाही. लघवीने ओली राहिलेली कातडी फुगते, हुळहुळी होते. त्यापेक्षा धोतराच्या घड्या बऱ्या, चुलीवरच्या वलणीवर लवकर वाळतात. हवेची गादी असली तरी कूस चुकत नाही. लाइट गेली की तिचा पंप बंद. आणि ताटात नुसता भात नको, अंडं, सुकट, घट्ट वरण हवं.

राहिला प्रश्न कूस बदलायला येणार कोण. दोन तास घड्याळात बघण्यापेक्षा कामाला बांधून टाकावेत: न्याहारीची पाटी न्यायला जो घरी येईल, त्याने आधी कूस बदलायची, मग पाटी उचलायची.