महाग लसीमागील कायदा

न्यूमोकोकस जिवाणूविरुद्धची लस इतकी महाग का, असा प्रश्न बडोद्यातील पालक आम्हां बालरोगतज्ज्ञांना हमखास विचारतात. त्याचे उत्तर काहीसे वैद्यकशास्त्रात व बरेचसे कायद्यात आहे.

ही लस जैविक औषधांत मोडते. जिवाणू वाढवून त्यांच्या आवरणातील शर्करा वेगळी केली जाते व ती एका प्रथिनाला जोडली जाते. सजीवांपासून घडणाऱ्या अशा पदार्थाची नक्कल साध्या गोळीप्रमाणे सहज करता येत नाही.

त्यातच कायद्याची दोन कुंपणे असतात. पहिले पेटंटचे, अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षांचे. आपल्या १९७० च्या कायद्यानुसार औषध बनविण्याच्या केवळ कृतीला पेटंट मिळत असे. १ जानेवारी २००५ पासून ते खुद्द औषधालाही मिळू लागले. दुसरे कुंपण चाचण्यांच्या माहितीवरील एकाधिकाराचे. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने नव्या जैविक औषधाला मान्यतेपासून १२ वर्षे असे संरक्षण दिले. तोवर, पेटंट संपले असले तरी, मूळ चाचण्यांच्या आधारावर सदृश औषधाला मान्यता मिळत नाही. भारताच्या पेटंट कायद्यात अशी तरतूद नाही.

फायझर कंपनीच्या, १३ उपप्रकारांपासून संरक्षण देणाऱ्या लसीला भारतात २०१७ मध्ये पेटंट मिळाले. 'मेदसां सां फ्रोंतिए' या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यास हरकत घेतली होती. अर्ज २००६ चा असल्याने त्याची मुदत २०२६ पर्यंतची. तथापि पेटंटचे संरक्षण त्यात नमूद केलेल्या शोधापुरतेच असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'पाथ' या संस्थेच्या साहाय्याने दशकभराच्या परिश्रमाने १० उपप्रकारांवरील 'न्यूमोसिल' लस सिद्ध केली. गॅम्बियातील बालकांवर तिच्या स्वतंत्र चाचण्या झाल्या. डिसेंबर २०२० मध्ये ती भारतात आली. गरीब देशांसाठी तिचा दर मात्रेमागे २ डॉलर ठरला.

संशोधनाचा खर्च प्रचंड असतो व संशोधकाला मोबदला मिळावा, हे न्याय्यच होय. परंतु न्यूमोनियाचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो. वीस वर्षांच्या मुदतीपुढे बालकाजवळ तेवढाच अवधी असतो. म्हणूनच पर्यायी उत्पादकाचे मोल मोठे.

२०२१ पासून ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात देशभर समाविष्ट आहे. सहा आठवडे, चौदा आठवडे व नऊ महिने या वयांत ती सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते. खासगी लस परवडत नसलेल्या पालकांना हे आपण सर्वांनी आवर्जून सांगावे.