विश्लेषण : कळसूबाई सर केले, आता हिमशिखर? पहिल्या मोहिमेआधी कोणती तयारी हवी?

सह्याद्रीत दोन-चार पावसाळे भटकंती झाली की अनेकांना हिमालय खुणावू लागतो. मनालीजवळचे ५२८९ मीटर उंचीचे फ्रेंडशिप शिखर अनेक नवख्यांच्या यादीत असते. सोबत गाइड असतो, तंबू-जेवणाची सोय होते. मग स्वतः तयारी कशाची करायची?

सह्याद्रीतला सराव पुरेसा का नाही?

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाईची उंची १६४६ मीटर. मनाली गावच सुमारे २००० मीटरवर आहे. फ्रेंडशिपच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच मिळतो. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्यालाही विरळ हवेचा त्रास होऊ शकतो.

मग व्यायाम कशासाठी?

दमछाक कमी व्हावी म्हणून. किमान तीन महिने आधीपासून धावणे, जिने चढणे आणि सुट्टीच्या दिवशी आठ-दहा किलोची सॅक घेऊन गड चढणे-उतरणे उपयोगी पडते. स्वतःचे बूट नेणार असाल तर ते याच काळात पायात रुळवावेत. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी विश्रांतीचा दिवस असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. वेळापत्रक त्यावर तपासावे. गाइडचे प्रशिक्षण कुठे झाले, एका गाइडमागे किती जण, ऑक्सिजन सिलिंडर सोबत असतो का, क्रॅम्पॉन आणि आइस अॅक्सचा सराव चढाईआधी करून घेतात का, हेही विचारावे. विमा गिर्यारोहणाला लागू आहे का, ते पाहावे.

गाइडपासून काय लपवू नये?

डोकेदुखी, मळमळ, चक्कर. रजा आणि पैसे वाया जातील, या भीतीने अनेक जण गप्प राहतात. धोका तिथेच वाढतो. ही लक्षणे असताना आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर फुप्फुसात पाणी साचल्याची किंवा मेंदूला सूज आल्याची शक्यता असते. अशा वेळी रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णाला सोबतीने खाली आणावे लागते. गोळ्या हा त्याला पर्याय नाही.

गाइडने ‘परत फिरा’ म्हटले तर वाद घालायचा नाही, हे घरातून निघतानाच ठरवलेले बरे.