हलू नका बरं का

"हलू नका बरं का," तंत्रज्ञ म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. टेबलावरचं पोरगं हलणार नव्हतंच.

हिंगोलीतलं सीटी स्कॅन सेंटर, ऑक्टोबरची रात्र. कळमनुरी रस्त्यावर दुचाकी घसरलेली, हेल्मेट नाही. घशात नळी, आणि शिशाचा ॲप्रन घातलेला वॉर्डबॉय तालात फुगा दाबतोय. नळी घालण्याआधी ग्लासगोच्या मोजपट्टीवर १५ पैकी ६ गुण. १९७४ पासून जगभर बेशुद्धी याच पट्टीनं मोजतात. तिच्यावर मेलेल्यालाही ३ मिळतात.

स्कॅन काही सेकंदांत आटोपतो. पडद्यावर पांढरं म्हणजे ताजं रक्त, काळपट म्हणजे सूज. डॉक्टर आधी मधली रेघ सरळ आहे का ते बघतात, मग मेंदूच्या तळाशी पाण्याच्या जागा उघड्या आहेत का. इथं सगळं जवळपास जागच्या जागी होतं.

"रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे उठंल ना?" बापानं विचारलं.

"नॉर्मल नाही म्हटलं मी. ऑपरेशन करण्याजोगं काही नाही, एवढंच."

या कामातली खरी मेख ही. डोकं झटक्यानं फिरलं की मेंदूतले तंतू ताणून तुटतात. सीटीला ते बहुतेकदा दिसत नाहीत. चित्र स्वच्छ आणि माणूस गाढ बेशुद्ध.

सहाव्या दिवशी नांदेडला एमआरआय झाला. धातू चालत नाही म्हणून चांदीचं पान ओवलेला करदोडा कापावा लागला. आईनं तो पदराच्या गाठीत बांधला. अर्धा तास यंत्राची खडखड. फिल्मवर मोहरीएवढे काळे ठिपके उमटले: तंतू तुटले तिथं सांडलेलं रक्त. पण मेंदूच्या देठात ठिपका नव्हता. देठाच्या दोन्ही बाजूंना इजा दिसली असती, तर डॉक्टरांचा चेहरा वेगळा असता.

"त्या मुंबईच्या नर्सबाईवानी तर व्हनार नाही ना?"

अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएम रुग्णालयात त्यांचा गळा आवळला गेला, मेंदूचा प्राणवायू तुटला. सीटीनं पहिला रुग्ण पाहिला त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या २०१५ पर्यंत जगल्या, पण लोक म्हणतात तसा तो कोमा नव्हता. कोमा सहसा काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. माणूस जातो, जागा होतो, नाहीतर नुसते डोळे उघडतो. प्राणवायू तुटलेल्या मेंदूपेक्षा मार लागलेल्या मेंदूला आशा जास्त, आणि ती जास्त दिवस धरता येते.

याहून बारीक बघणारं तंत्र आहे. फंक्शनल एमआरआय मेंदूचे कोणते भाग एका तालात चालतात ते टिपतो. तुलूजच्या संशोधकांनी २०१५ मध्ये कोमातल्या २७ रुग्णांचा अभ्यास छापला: मेंदूच्या मागच्या-मधल्या भागाचा कपाळामागच्या भागाशी धागा ज्यांच्यात शाबूत होता, ते तीन महिन्यांनी सावरलेले दिसले. २७ माणसं म्हणजे थोडीच. २००६ मध्ये केंब्रिजला एड्रियन ओवेन यांनी एका निपचित तरुणीला सांगितलं, टेनिस खेळतेय अशी कल्पना कर. धडधाकट माणसाचा जो भाग उजळतो, तोच तिचाही उजळला. नांदेडला एमआरआयच्या खोलीबाहेर काचेआडून मी विचार करत होतो, या पोराला टेनिस सांगून काय उपयोग? म्हणावं लागेल, विळा घे, पात धर, सोयाबीन काप. ते विचारणारं यंत्र मात्र इथं नव्हतं.

बापानं फिल्म उलटी धरून उजेडात पाहिली. "मंग?"

"महिनाभर मी 'नाही' म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. अमेरिकेतल्या मेंदूतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८ मध्ये तेच सांगितलंय: पहिल्या २८ दिवसांत सरसकट आशा सोडायला लावणारं बोलू नका. कारण आशा सोडली की उपचार थांबतात, उपचार थांबले की रुग्ण जातो, आणि भाकीत खरं ठरल्याची नोंद होते.

बापानं बोटांवर दिवस मोजले. मग गावी फोन लावला.

"सोयाबीन गुत्त्यानं देऊन टाका. म्या काय येत नाही आता."