हिपॉक्रेटिसच्या बेटावर एक आठवडा

वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी चढलेल्या प्रत्येकाच्या कानावर पहिल्याच वर्षी एक नाव पडते, ते म्हणजे हिपॉक्रेटिस. डॉक्टरांनी घ्यावयाची जी शपथ जगभर प्रसिद्ध आहे, ती याच्याच नावाची. हा गृहस्थ इसवी सनापूर्वी ४६० च्या सुमारास ग्रीस देशातील कॉस नावाच्या बेटावर जन्मला. गेल्या वर्षी सप्टेंबर महिन्यात या बेटावर आठवडाभर राहण्याचा योग आला. आमची मुलगी आणि जावई जर्मनीत असतात. उन्हाळ्याच्या मोसमात तेथून कॉसला थेट विमान असते. सारा बेत त्यांनीच आखला आणि आम्ही उभयता, व्याही, विहीणबाई व ही दोघे असे सहाजण निघालो.

वाचकहो, या सदरात आपण एरवी रक्तदाब, मधुमेह, अपचन यांविषयी बोलतो. आज जरा फिरून येऊ. मात्र डॉक्टर कोठेही गेला तरी त्याची नजर समोरच्याच्या नाडीवर असते, तेव्हा आरोग्याचा विषय सुटेल अशी काळजी नसावी!

देवळातला दवाखाना

कॉस हे बेट तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी खेटून आहे. रात्री बंदरावर उभे राहिले की पलीकडच्या बोद्रुम शहराचे दिवे दिसतात. बेटाची उत्तरेकडची बाजू सपाट असल्यामुळे तेथे सायकलींचा सुळसुळाट आहे. साठी उलटलेल्या बायका पुढच्या टोपलीत भाजी घालून सायकलवरून घरी जाताना पाहिल्या, आणि आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत स्कूटर काढणारे माझे रुग्ण आठवले.

गावात एक जुना वृक्ष आहे. याच झाडाखाली हिपॉक्रेटिस शिष्यांना शिकवीत असे, अशी तेथे आख्यायिका आहे. प्रत्यक्षात आजचे झाड सुमारे पाचशे वर्षांचे असावे असे मानतात. खोड पोकळ झाले असून फांद्यांना आधार दिलेला आहे. हे झाड म्हणजे काश्मीरमध्ये आढळणारा चिनारच, जात एकच.

गावापासून चारेक किलोमीटरवर अस्क्लिपिओस या आरोग्यदेवतेचे प्राचीन स्थान आहे. टेकडीवर तीन टप्प्यांत बांधलेल्या या वास्तूचे अवशेष १९०२ साली हेरत्सोग या जर्मन संशोधकाने उत्खननात उजेडात आणले. अशा स्थानांत रुग्ण देवाच्या आवारात रात्री झोपत आणि स्वप्नात उपचार सांगितला जाईल अशी आशा धरीत. जोडीला स्नान, आहार आणि विश्रांती असे. आपल्याकडे देवस्थानात जाऊन धरणे धरतात, त्याचीच आठवण झाली. या देवाच्या हातातील काठीला एकच साप वेढलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हातही तोच आहे. पुष्कळ डॉक्टरांच्या गाडीवर दोन साप आणि पंख असलेले चिन्ह दिसते, ते मात्र हर्मीस या व्यापाराच्या देवाचे! यावर अधिक भाष्य न केलेले बरे.

हिपॉक्रेटिसचे मोठेपण असे की, रोगाचे कारण देवाच्या कोपात न शोधता शरीरात, अन्नात, पाण्यात आणि हवेत शोधावे हा विचार त्याच्या परंपरेने रुजवला. फिट येणे हा आजार त्या काळी 'पवित्र' म्हणजे दैवी समजत. त्याच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात हा रोग इतर रोगांपेक्षा अधिक दैवी नाही आणि त्याचे मूळ मेंदूत आहे, असे मांडले आहे. या गोष्टीला सुमारे चोवीसशे वर्षे झाली. तरीही फिट आलेल्या मुलाला आजही चप्पल नाही तर कांदा हुंगवून, अंगारा लावून मग दवाखान्यात आणतात. म्हणून येथे पुन्हा सांगतो. फिट आलेल्या माणसाला एका कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत. तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, पाणी पाजू नये. पाच मिनिटांत फिट थांबली नाही किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर तडक रुग्णालय गाठावे.

स्पंज आणि पांगळेपण

एके दिवशी मस्तिखारी बंदरातून बोटीने कालिम्नोस बेटावर गेलो. हे स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांचे बेट. पूर्वी हे लोक हातात जड चपटा दगड धरून, श्वास कोंडून तळाशी जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवा पुरवणारा पोशाख आणि तांब्याचे शिरस्त्राण आले. आता माणूस खोल पाण्यात बराच वेळ राहू लागला. कमाई वाढली, पण वर आलेले धडधाकट तरुण पांगळे होऊ लागले, कित्येक दगावले.

कारण सोपे आहे. सोड्याच्या बाटलीचे बूच एकदम काढले की फसफसून बुडबुडे येतात. खोल पाण्यात दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि माणूस घाईने वर आला की त्याचेच बुडबुडे होतात. ते मज्जारज्जूत अडकले की पाय जातात. फ्रान्सच्या पॉल बेअर यांनी १८७८ मध्ये हे कारण दाखवून दिले. टप्प्याटप्प्याने वर कसे यावे याची कोष्टके इंग्लंडच्या हाल्डेन यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. कालिम्नोसच्या लोकांत एक नाच आहे. त्यात पुढचा नाचणारा काठी टेकीत, थरथरत्या पायांनी पांगळ्या पाणबुड्याची चाल दाखवतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे दुःख या गावाने नाचात जपून ठेवले आहे.

हल्ली आपल्याकडची तरुण मंडळीही तारकर्लीला स्कूबासाठी जातात. त्यांनी सोबतच्या प्रशिक्षकाचे ऐकावे, सर्दीने कान बंद असताना पाण्यात उतरू नये आणि त्यानंतर १८ ते २४ तास विमानात बसू नये.

ज्वालामुखीच्या तोंडाशी

दुसरी सहल निसिरोस बेटाची. हे बेट म्हणजेच एक ज्वालामुखी आहे. त्यातील स्टेफानोस नावाचे विवर सुमारे तीनशे मीटर रुंद असून त्याच्या तळाशी उतरता येते. पायाखालची जमीन गरम, जागोजागी वाफ, पिवळ्या गंधकाचे थर आणि सडक्या अंड्यासारखा वास. दमेकऱ्यांनी येथे वरूनच दर्शन घ्यावे.

विवरातून वर चढताना आमच्या व्याह्यांना एकदम भोवळ आली. वय ६८, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू, त्यांतली एक लघवी वाढवणारी. त्यांना सावलीत आडवे करून पाय उंच ठेवले. नाडी जलद होती, जीभ कोरडी.

"डॉक्टर, मी रोज पाच किलोमीटर चालतो हो," ते म्हणाले.

"चालण्याचं राहू द्या. सकाळपासून पाणी किती प्यालात?"

"एक कप कॉफी झाली."

विहीणबाईंनी उलगडा केला. "वाटेत सोय नसली तर पंचाईत नको म्हणून हे पाणीच पीत नाहीत. एस.टी.नं जायचं असलं तरी ह्यांचं असंच!"

माझ्या पिशवीत जलसंजीवनीची पुडी होतीच. एक लिटर पाण्यात ती घालून घोट घोट पाजली. तासाभरात व्याही हुशार झाले. पण अशी गोष्ट दर वेळी तासाभरात आटोपत नाही. जून २०२४ मध्ये याच बेटसमूहातील सिमी बेटावर मायकेल मोस्ली हे ब्रिटनमधील दूरचित्रवाणीवरचे प्रसिद्ध आरोग्य-सादरकर्ते कडक उन्हात डोंगराळ वाटेने एकटेच चालत निघाले. फोन जवळ नव्हता. चार दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. मृत्यूचे नेमके कारण ठामपणे सांगता आले नाही. उष्माघाताची शक्यता मात्र पुढे आली. ते स्वतः वैद्यकशास्त्र शिकलेले आणि लोकांना आरोग्य शिकवणारे होते. ऊन माणसाची पदवी पाहत नाही, हे ध्यानात ठेवावे.

ताटात काय होते?

तेथील साधे जेवण मला आवडले. उकडलेल्या रानभाज्यांवर ऑलिव्ह तेल आणि लिंबू, आपल्या घट्ट वरणासारखा 'फावा', काकडी-टोमॅटो, दही, मासे आणि पाव. १९५८ पासून अॅन्सेल कीज यांनी सात देशांत जो अभ्यास चालवला, त्यात क्रीट बेटावरील पुरुषांत हृदयविकाराचे मृत्यू फार कमी आढळले. मात्र ती माणसे दिवसभर शेतात राबणारी होती. आजच्या ग्रीसमध्ये लठ्ठपणा आणि धूम्रपान हे मोठे प्रश्न आहेतच. शिवाय तेथील चीज आणि मुरवलेले ऑलिव्ह खारट असतात, रक्तदाबवाल्यांनी जपून खावेत.

यावरून कोणी महागडे ऑलिव्ह तेल आणून त्यात भजी तळू नयेत. आपले शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल माणशी महिना अर्धा लिटर या हिशेबाने वापरावे. माठ, शेपू, चाकवत, पावसाळ्यातला टाकळा या भाज्या त्यांच्या रानभाज्यांपेक्षा कशातही उण्या नाहीत.

प्रवासाला निघताना

परदेश असो वा पंढरपूर, पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) रोजची औषधे व इन्सुलिन जवळच्या पिशवीत ठेवावे, सामानात टाकू नये. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावे.

२) ग्रीसची वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. मधुमेहींनी इंजेक्शनच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

३) युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. जुने आजार त्यात लपवू नयेत. तेथे तातडीच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक ११२ आहे.

४) लांबच्या प्रवासात दर तास-दोन तासांनी उठून चालावे, पाय हलवत राहावेत.

५) दुपारी बारा ते चार चढ चढू नये आणि एकट्याने आडवाटेला जाऊ नये.

६) लघवीच्या भीतीने पाणी टाळू नये. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर प्रवासात ती केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे, मनाने बंद करू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितले असेल, त्यांनी तेच प्रमाण पाळावे.

व्याही आता एस.टी.तही पाण्याची बाटली घेऊन बसतात आणि शेजारच्या प्रवाशालाही आग्रहाने पाणी पाजतात, असे विहीणबाई कळवतात.

(पुढील आठवड्यात : फिट येणाऱ्या मुलाची शाळा आणि खेळ)