लाइट गेल्यावरची ऊब

एका दिवसाच्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिला आठवडा त्याला ३२ ते ३५ अंशांची ऊब बाहेरून द्यावी लागते. सिन्नर-निफाडकडे पौषात पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो, आणि शेडमधले बल्ब लाइटवर चालतात. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर ती कधी बदलून मिळेल, सांगता येत नाही.

सिन्नरजवळच्या एका शेडमध्ये पहाटे लाइट गेली तेव्हा मी तिथेच होतो. पत्र्याच्या गोल कुंपणात, म्हणजे चिक गार्डमध्ये, तुसावर अंथरलेल्या कागदावर पिल्लं निवांत पसरली होती. काही मिनिटांतच त्यांचा आवाज बदलला. हलकी चिवचिव जाऊन लांब, कर्कश ओरड सुरू झाली आणि पिल्लं एकमेकांत घुसू लागली. गारठ्याआधी ही चेंगराचेंगरीच त्यांना मारते, खालचा थर गुदमरतो. मालकानं एक पिल्लू उचलून त्याचे पाय गालाला लावले. "गार पडले," म्हणाला आणि गॅसकडे धावला. थर्मामीटर होता, पण छातीच्या उंचीवर टांगलेला. पिल्लं राहतात जमिनीलगत.

पर्याय निवडताना बरेच जण आधी इन्व्हर्टर बघतात. हजार पिल्लांना प्रत्येकी दोन वॅट धरले तरी २००० वॅट लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत मावते जेमतेम १.८ युनिट वीज. म्हणजे तासाभराचीही सोय नाही. ती बॅटरी लाइट गेल्याचं कळवणाऱ्या भोंग्याला आणि एका दिव्याला ठेवावी. जनरेटर चालतो, पण तो दर आठवड्याला सुरू करून बघणाऱ्याकडेच.

माझं मत गॅस ब्रूडरला. एक किलो गॅसमध्ये साडेबारा युनिटांच्या आसपास उष्णता असते, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर बराच पुरतो आणि ऊब लगेच मिळते. मात्र किलोभर गॅस जळताना दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. शेडचे पडदे गच्च बांधले तर तूस ओलं होतं, अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात. वरून वीतभर फट हवीच.

लाइट दिवसभर येणार नसेल तर ड्रमची बुखारी कामाला येते. तिचं धुराडं पत्र्याबाहेर काढलेलं असावं. बंद शेडमध्ये उघडी कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही; तो पिल्लांबरोबर राखणीला झोपलेल्या माणसालाही नेतो.

पिल्लांची गाडी यायच्या आदल्या रात्री मेन स्विच पाडा आणि पहाटेपर्यंत शेड गॅसवर चालवून बघा. जमिनीलगतचा पारा ३२ च्या खाली गेला, तर गाडी दोन दिवस पुढे ढकला.