पुण्यात खोली घ्यायची, पण कुठे?

जून उजाडला की खेड्यातल्या घरात दोन काळज्या एकदमच येतात. एक पेरणीची आणि दुसरी पोरांच्या शिक्षणाची. बी-बियाणाची, खताची जुळणी चाललेली असते आणि त्यातच थोरला म्हणतो, "अण्णा, मला पुण्याला जायचंय." तिकीट काढून एस.टी.त बसणे सोपे. पण तिथे उतरल्यावर राहायचे कुठे? शहराच्या मध्यात, पेठेत, की लांब कुठेतरी उपनगरात? या एका प्रश्नाचे उत्तर चुकले तर काय होते, ते आम्ही जवळून पाहिले. ते इथे सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला तशी ठेच लागणार नाही.

२०२५ सालची गोष्ट. बार्शी तालुक्यातले आमच्या शेजारचे कुटुंब. सहा एकर जिराईत, सोयाबीन आणि तुरीवर भिस्त. मुलगा बी.एस्सी. झालेला, त्याला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा होता. धाकटी मुलगी नर्सिंग करून बसली होती. तिला हडपसरच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरी लागली. दोघांनाही एकाच महिन्यात जायचे. अनामत रकमेसाठी अण्णांनी दुभती गाय विकली. संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पुण्यात नोकरी केलीय. पोरं कुठं ठेवू?"

मी सल्ला दिला तो असा. "दोघं भाऊबहीण एकत्र राहू द्या. घरी स्वयंपाक होईल. पेठेत भाडे परवडणार नाही, तेव्हा सिंहगड रस्त्याला धायरीच्या पुढे खोली पाहा." त्याप्रमाणे खोली झाली. भाडे ८,००० रुपये. इमारत नवी, हवा मोकळी, खिडकीतून डोंगर दिसे. सगळे खूश होते. पण दुरून डोंगर साजरे, हे मला तेव्हा आठवायला हवे होते.

गौरी-गणपतीला पोरे गावी आली. मुलगा वाळलेला. पोरीच्या डोळ्यांखाली काळे आलेले. आईने काही विचारले नाही. पोळ्या झाल्यावर तिने दुधाच्या हिशेबाची वही काढली, कोरे पान उघडले आणि पोराला म्हणाली, "आता सकाळपासून सांग. किती वाजता उठतोस, किती वाजता बस गावते?"

वहीतला हिशेब

मुलाची अभ्यासिका सदाशिव पेठेत. जायला दीड तास, यायला दीड तास. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर अठ्ठ्याहत्तर तास नुसते बसमध्ये आणि थांब्यावर. आठ तासांचा एक दिवस मानला तर महिन्यातले जवळजवळ दहा दिवस रस्त्यावर गेले. शेतात गडी महिन्यातले दहा दिवस बांधावर बसून राहिला तर आपण काय म्हणू?

मुलीचे त्याहून अवघड. धायरीहून स्वारगेट, तिथे बस बदलून हडपसर. दुपारपाळी रात्री सुटायची. बस चुकली तर रिक्षा. रात्रपाळीनंतर सकाळी घरी येऊन निजेपर्यंत दुपार व्हायची. भावाला बहिणीची वाट पाहत जागावे लागे, म्हणून त्याचाही सकाळचा अभ्यास बुडे.

आणि पैसे? पुण्याच्या शहर बसचे भाडे १ जून २०२५ पासून वाढले. महिन्याचा पास ९०० रुपयांचा १,५०० रुपये झाला. विद्यार्थ्यांचा पास ७५० रुपयांवरच राहिला, पण या मुलाचे नाव कुठल्या कॉलेजात नव्हते, त्यामुळे तो त्याला मिळाला नाही. दोघांचे पास ३,००० रुपये. म्हणजे ८,००० ची खोली खरे तर ११,००० ला पडत होती. रिक्षा वेगळी.

वही मिटून वहिनी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "गुरुजी, भाडं स्वस्त हाय, पण पोरं महाग पडाया लागली." मला खाली पाहावे लागले. मी भाडे पाहिले होते, दिवस पाहिला नव्हता.

पेठ म्हणजे काय, उपनगर म्हणजे काय

पुण्याचा जुना भाग म्हणजे कसबा आणि त्याच्या भोवती पेशवाईत वाढलेल्या पेठा. शनिवार, नारायण, सदाशिव ही नावे आपण ऐकतो. मोठी कॉलेजे याच बाजूला. फर्ग्युसन १८८५ चे, स. प. कॉलेज १९१६ चे. त्यांच्या आसऱ्याने खाणावळी, पुस्तकांची दुकाने, अभ्यासिका आणि कॉट बेसिसच्या खोल्या वाढल्या. स्पर्धा परीक्षा देणारी खेड्यापाड्यांतली मुले इथेच गोळा होतात. सगळे पायी पायी. पण जागा जुनी. एका खोलीत चार-सहा खाटा, न्हाणीघर सामाईक, उजेड कमी.

शहर पेठांतून बाहेर पसरले त्याला एक मोठे निमित्त झाले ते १२ जुलै १९६१ चे. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि हजारो कुटुंबे उघड्यावर आली. त्यांच्यासाठी शहराबाहेर नव्या वसाहती बांधल्या गेल्या. त्या काळी ज्याला लोक गावाबाहेर म्हणत, ते आज भर शहरात आहे. पुढे १९९७, २०१७ आणि २०२१ साली आसपासची गावे महापालिकेत घेतली गेली. २०१७ साली अकरा, ३० जून २०२१ रोजी तेवीस. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे २०२४ मध्ये पुन्हा वगळली.

म्हणजे आज ज्याला आपण उपनगर म्हणतो, ते बहुतेक ठिकाणी कालचे आपल्यासारखेच गाव. तिथे ज्वारी-उसाची राने होती, तिथे इमारती झाल्या. इमारत दोन वर्षांत उभी राहते, पण नळ, गटार आणि रस्ता मागून येतो. कधी कधी फार मागून येतो.

सगळी उपनगरे मात्र एका मापाची नाहीत. हडपसरलाच मगर आणि इतर घराण्यांच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकरांवर जमीन एकत्र केली आणि स्वतःच वसाहत उभारली. मगरपट्टा तो हाच. रस्ते, झाडे, कामाच्या जागा सगळे आधी आखून. तेव्हा उपनगर म्हटले की वाईट आणि पेठ म्हटली की चांगली, असे धरून चालू नये.

ज्याचे काम जिथे, त्याचे शहर तिथे

आमची मूळ चूक ही होती की, आम्ही पुणे एकच आहे असे धरले. नर्स मुलीचे सगळे काम हडपसरला. तिला सदाशिव पेठही लांबच. तिच्यासाठी शहराचा मध्य म्हणजे तिचा दवाखाना. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात काम लागलेल्या मुलाने पेठेत खोली घेऊन काय करायचे? त्याचे बाजार, दवाखाने सगळे तिकडेच आहे.

आता मेट्रोही आहे. मार्च २०२२ मध्ये ती सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ पासून पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट सलग जाता येते. दुसरी वाट वनाज ते रामवाडी. तुमचे काम आणि तुमची खोली, दोन्ही या वाटेवर स्थानकापासून पायी अंतरावर असतील तर लांबची जागाही जवळ होते. पण स्थानकापर्यंतच रिक्षा लागणार असेल तर तो खर्च आधी मांडा.

गणपती उठल्यावर अण्णा आणि वहिनी स्वतः पुण्याला गेले. मुलाला सदाशिव पेठेत एका वाड्यात खाट पाहिली, महिना ४,००० रुपये. खाणावळ ३,५०० रुपये. मुलगी हडपसरला आपल्याच दवाखान्यातल्या दोघींबरोबर राहू लागली. खोलीचे भाडे ९,०००, तिच्या वाट्याला ३,०००. सगळे मिळून १०,५०० रुपये. पैसा फारसा वाचला नाही, हे खरे सांगतो. घरचे जेवण गेले, भाऊबहीण वेगळी झाली, हेही खरे. पण मुलाच्या हातात दिवसाचे तीन तास आले आणि मुलगी पाळी सुटल्यावर दहा मिनिटांत घरी पोचू लागली. आईला गावात झोप लागू लागली, तिचा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा?

पाणी विचारा

खोली पाहताना पुरुषमाणसे फरशी आणि रंग पाहतात. वहिनींनी हडपसरच्या मालकिणीला पहिला प्रश्न केला, "ताई, पाणी कुठलं? नळाचं की बोअरचं? किती वाजता येतं?" हा प्रश्न लाख मोलाचा आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या बाजूला गुलेन बॅरी नावाच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. या आजारात हातापायांतली शक्ती जाते. कित्येकांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, काही दगावले. दूषित पाण्यावर संशय गेला आणि लोक पाणी उकळून पिऊ लागले. खडकवासला धरणाच्या अगदी शेजारची ही गावे. धरण उशाला आणि कोरड घशाला, असे आपण म्हणतो. इथे तर पाणी असून त्याची भीती वाटली.

म्हणून खोली कुठेही घ्या, पण विचारा. पिण्याचे पाणी महापालिकेचे की टँकरचे? टँकरचा पैसा भाड्यात धरला आहे की वेगळा? उन्हाळ्यात काय होते? उत्तर मालकाकडून घ्या आणि ताळा शेजारच्या बिऱ्हाडाकडून करा. शंका असेल तर पाणी उकळून प्यावे. पेठेतल्या वाड्यातही पाणी ठराविक वेळीच येते, तेव्हा साठवायला पिंप आहे का, तेही पाहावे.

कागद करा

आपल्याकडे शब्दावर व्यवहार होतो. शहरात तसे करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा आहे. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. बहुतेक करार अकरा महिन्यांचे असतात. नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते. अकरा महिन्यांचा करार आहे म्हणून नोंदणी लागत नाही, असे कोणी सांगितले तर ऐकू नका.

करारात चार गोष्टी नीट वाचा. अनामत किती आणि ती किती दिवसांत परत मिळणार. खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचे. विजेला वेगळे मीटर आहे की युनिटमागे मालक सांगेल तो दर. रंगकाम, दुरुस्ती कोणाच्या माथी. एजंटामार्फत खोली घेतली तर त्याची दलाली आधी ठरवून घ्या. ती पुष्कळदा एका महिन्याच्या भाड्याइतकी असते.

वसतिगृह आधी, खोली नंतर

खोली शोधण्याआधी कॉलेजच्या आणि सरकारी वसतिगृहात अर्ज करा. पुष्कळ पालक याला उशीर करतात. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिची चौकशी कॉलेजच्या कचेरीत करावी. खेड्यातल्या गरजू विद्यार्थ्यांसाठी १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. तिची वसतिगृहे आजही चालू आहेत. अशा ठिकाणी शिस्त असते आणि सोबतही असते.

आणि एक गोष्ट मुलांसाठी. पेठेत राहिल्याने परीक्षा सुटत नाही. चहाच्या टपरीवर चर्चेत तीन तास घालवायचे असतील तर ते तीन तास बसमध्ये गेलेले काय वाईट? किती वर्षे अभ्यास करायचा, किती वेळा परीक्षा द्यायची, हे घरी बसून आधी ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. अण्णांच्या मुलाने दोन वर्षे लिहिली आहेत.

जाण्यापूर्वी एक दिवस

शेवटी एकच सांगणे. रान घेताना आपण नुसता सातबारा पाहत नाही. बांधावरून चालतो, माती हातात घेतो, विहिरीत डोकावतो. खोलीचेही तसेच करा. अनामत देण्याआधी एक दिवस काढा. कामाच्या दिवशी, रविवारी नव्हे, सकाळी मुलगा जेव्हा निघणार तेव्हा त्या खोलीपाशी उभे राहा. त्याच बसने त्याच्या कामाच्या जागी जा आणि घड्याळ पाहा. संध्याकाळी त्याच वाटेने परत या. मुलीसाठी खोली असेल तर रात्री दिवे लागल्यावर ती गल्ली चालून पाहा. मग भाडे, प्रवास, जेवण, पाणी आणि वेळ हे पाच आकडे एकाखाली एक मांडा. बेरीज झाली की मध्यात राहायचे की कडेला, हे कोणाला विचारावे लागणार नाही.

अण्णांची गाय गेली ती गेली. पण दिवाळीनंतर मुलीने पगारातून पहिले पाच हजार रुपये घरी पाठवले. सोबत निरोप होता, "आई, हे गाईसाठी बाजूला ठेव." वहिनींनी ते त्याच वहीत, त्याच पानाच्या खाली लिहून ठेवले आहेत.